उशिराची चिठ्ठी

४ ऑगस्ट. शाळेचं मस्टर तपासायचं होतं आणि नेमकी माझीच लातूरची बस चुकली.

अहमदपूर स्टँडवरचे कंट्रोलर घड्याळ बघितल्याशिवाय नमस्कारही करत नाहीत. जपानच्या भुयारी रेल्वेत गाडीला उशीर झाला की स्टेशनवाले प्रवाशांना तशी चिठ्ठी देतात, हे कळल्यापासून आमचे कंट्रोलरही देतात: ‘बस वीस मिनिटं लेट. चूक आमची.’ खाली सही. ती चिठ्ठी बघून मी, मुख्याध्यापिका, शिक्षकांचा लेटमार्क माफ करते. माझ्या नावावर मात्र आजवर एकही नव्हता.

मी हात पुढे केला.

“बस टायमावर गेली, बाई. चिठ्ठी कशाची देऊ?”

“रोजची ओळख आहे आपली.”

“म्हणून तर चहा सांगतो. चिठ्ठी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिक्षक सह्या करत असताना, मी त्यांच्यादेखत माझ्या नावापुढे कालचा लेटमार्क मारला.