टेकडी हॉल्टवरची दत्ताची गाठ

मार्चमधला मंगळवार, सकाळ. ठिकाण: टेकडी हॉल्ट, ग्वाल्हेरची बंद पडलेली छोटी लाइन. हजर: मी (निवृत्त सुभेदार), बिर्ला नगरच्या इंगळेकाकू, भंगाराच्या ठेकेदाराचा सुपरवायझर राठौर आणि त्याचा गॅस कटरवाला. गैरहजर: काकूंचा मुलगा, लान्स नायक दत्ता इंगळे, सिग्नल्स, म्हणजे फौजेच्या टेलिफोन लाइनवरचा माणूस.

हा हॉल्ट टेकडीवरच्या देवीसाठीच होता. जवळ गाव नाही, बाजार नाही. एक फलाट, एक कडुनिंब आणि लोखंडी पाइपांचा कठडा. गाडी जेमतेम थांबायची. पायऱ्या चढून दर्शन घेईपर्यंत ती सुटलेली असायची. म्हणून आमच्या मराठी फौजी घरांनी आपली रीत पाडली. ड्यूटीवर निघालेला माणूस फलाटावर उतरायचा, कठड्याला लाल कापड बांधायचा, टेकडीला हात जोडायचा आणि पुन्हा डब्यात चढायचा. रजेवर आला की स्वतःच्या हाताने सोडायचा. तो आलाच नाही, तर आईने सोडायचं.

दत्ता आणि मी एकदा बरोबरच गेलो. मी तेव्हा हवालदार होतो. मी साधी गाठ मारली. त्याने खिशातून फील्ड टेलिफोनची काळी तार काढली आणि कापडावरून लाइनमनचा जोड घातला.

"अरे, देवीला बांधतोयस की एक्सचेंजला?"

"तुमची गाठ वाऱ्याने सुटेल, हवालदारसाहेब. मग तुमच्या घरी रडारड."

गार्डने शिट्टी दिली. आम्ही पळालो.

आमची पोस्ट उत्तरेला, डोंगराच्या धारेवर होती. रोजचं काम ठरलेलं: पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारासह मोर्चात सज्ज, मग बर्फ उपसणं, रेशन, लाइन टेस्ट. एका सकाळी शेलिंग सुरू झालं आणि पुढच्या पोस्टची टेलिफोन लाइन मेली. तिथे जखमी होते. रेडिओ नीट लागत नव्हता. दत्ता केबलचा ड्रम पाठीवर घेऊन निघाला. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"साहेब, जोडली. ऐकू येतंय?"

"क्लिअर. परत ये."

"येतो. एवढा जोड पक्का करतो."

पुढचा गोळा मी त्याच फोनवर ऐकला. लाइन तुटली नाही. जखमींना खाली आणायचे सगळे आदेश तिच्यावरूनच गेले. दत्तालाही दुपारी खाली आणलं.

माझं कापड मी पुढच्या रजेत सोडलं. काकू दर वर्षी गाडीने हॉल्टवर जायच्या, तारेला हात लावायच्या, परत यायच्या. "पुढच्या खेपेला," म्हणायच्या. मग गाडीच बंद झाली.

या वर्षी कळलं की कठडा भंगारात जाणार. मी अर्ज घेऊन फिरलो. रेल्वेच्या एका खिडकीवर म्हणाले, असा हॉल्ट आता आहे कुठे? दुसरीकडे म्हणाले, देवस्थानाला विचारा. देवस्थान म्हणालं, फलाट आमचा नाही. फौजेत निदान 'नाही' कोण म्हणतंय ते कळतं. शेवटी काकूंनाच सांगितलं.

"चल, आता सोडतेच," त्या म्हणाल्या. "कटरवाल्याच्या हाती नको."

त्या मंगळवारी काकू कठड्याशी बसल्या. कापडाचे धागे उरले होते, तार तशीच होती. गाठीत बोटं शिरेनात. मी पक्कड काढली.

"कापायचं नाही. सोडायचं."

राठौर घड्याळ बघत होता. "माताजी, आज ट्रक भरना है. हम काट दें?"

"तू रुक, भैया. मेरे बेटे ने बांधा है."

राठौरने कठड्याच्या दुसऱ्या टोकाकडून काम सुरू केलं. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत झटलो. कटरवाला जवळ आला तेव्हा माझा संयम संपला. मी त्याला हुकूमच दिला: गाठीच्या दोन्ही बाजूंनी पाइप काप, तारेला ठिणगी लागता कामा नये.

तो तुकडा आता काकूंच्या खिडकीखाली आहे. दर रविवारी मी तेल आणि दाभण घेऊन हरिशंकरपुरमहून बिर्ला नगरला जातो. काकू चहा टाकतात आणि चष्मा लावून शेजारी बसतात.

"किती घट्ट बांधून ठेवलंय गाढवानं," परवा म्हणाल्या.

बाहेरचा एक वेढा निघालाय. आतला जोड अजून सुटायचा आहे.