वाकडे खडे

"इसकी बहन आई है ना? खड़ी हो जाओ, बेटा."

क्लासच्या सरांनी माइकवरून सांगितलं आणि ताई उठली. तिला वाटलं, आता आपलंही कौतुक होणार. तिने ओढणी सारखी केली. बोटांवर गोंद वाळलेला होता, म्हणून हात ओढणीखाली घेतले. हॉल पालकांनी गच्च भरलेला. मी स्टेजवर, गळ्यात हार, हातात ट्रॉफी. बारावीला अख्ख्या क्लासमध्ये पहिली आले होते.

सर म्हणाले, "एक घर, एक माँ-बाप, एक ही चूल्हा. छोटी टॉपर, बड़ी दसवीं फेल. फ़र्क किस बात का? मेहनत का! जिसमें मेरिट है, वो ऊपर आता ही है."

टाळ्या पडल्या. ताई उभीच. तिला ‘खाली बस’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आणि टाळ्या मीही वाजवल्या. ट्रॉफी काखेत धरून.

परत येताना रिक्षात ताई एवढंच बोलली, "तू बी टाया वाजाडी राह्यनी व्हती."

ताई दहावी नापास नाही. ती दहावीला बसलीच नाही.

आम्ही खानदेशातून परराज्यातल्या या शहरात कामासाठी आलेले. गोडादऱ्याला एक खोली. बाप पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, आणि आई, ताई, मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचो. क्लासने फुकट प्रवेशाची परीक्षा ठेवली, ती आम्ही दोघींनी दिली. ताईला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. पण एका घरातून एकालाच फी माफ होती, आणि दुसरीचे हात घरी हवेच होते.

निकाल आईने लावला, तो हात बघून. ताईचा खडा नक्षीच्या बरोबर मधोमध बसायचा. माझ्या साड्या काम देणाऱ्या शेठकडून परत यायच्या. आई मला म्हणाली, "तुना हात कामना नही. तू पुस्तकच धर." पुढे ताईचा दहावीचा फॉर्म कुणी भरलाच नाही.

आता लिहिते ते कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. माझा हात चांगला होता. मी खडे मुद्दाम वाकडे लावायचे. गोंद कमी घ्यायचे, म्हणजे घडी घालताना ते गळून पडत. या घरात जिचा हात चालतो ती अडकते, हे मला कळलं होतं. तेरा वर्षांची होते. लहान होते म्हणून सोडून द्यावं, असं स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. जमत नाही. लाज वाटते.

अभ्यास मी केला. रात्रंदिवस केला. पण माझ्या वाटणीच्या साड्या ताईच्या मांडीवर होत्या, म्हणून केला.

आज मी इच्छापोरच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. क्लासच्या दारावर माझा मोठा फोटो आहे. दर वर्षी तिथे जाऊन मी नव्या मुलांना सांगते, मेहनत करा. परवा सरांचा फोन आला. "इस बार बहन को भी लाना. बच्चों पर बड़ा असर पड़ता है."

एकदा उभं करून त्यांचं भागलं नव्हतं.

मी म्हटलं, "वो नहीं आएगी. और वो फेल नहीं है, सर. आप झूठ बोलते हैं."

ते हसले. "अरे, कहानी तो कहानी होती है." त्यांच्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला होता. मी फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी ताईकडे गेले. तिचं सासर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तिथेही मांडीवर साडीच. मी सगळं सांगितलं, वाकड्या खड्यांसकट. तिने मान वर केली नाही.

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली. "परत येल साड्या कोन नीट करे?"

मी माफी मागितली. तिने पुढचा खडा उचलला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि म्हणावं असा हट्ट मीही धरला नाही.

रविवारी क्लासचा कार्यक्रम आहे. मी जाणार आहे, एकटी. माइक हातात आला की सांगणार आहे, परीक्षेत ताई माझ्या पुढे होती. खडे मी मुद्दाम वाकडे लावले. सर, तिला तुम्ही खोटं बोलून उभं केलंत आणि मी टाळ्या वाजवल्या. दारावरचा फोटो उतरवायचा तर खुशाल उतरवा.

त्या हॉलमध्ये यापुढे कुणाला मान खाली घालायला उभं करायचंच असेल, तर मी उभी आहे.