परभणीचं अस्वल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. एका म्हाताऱ्या दरवेशाला मी त्याच्या अस्वलाच्या भेटीला हैदराबादला पाठवलं. ते अस्वल मेलंय हे मला ठाऊक होतं. त्याला पुरताना मी तिथंच उभा होतो.

निजामाचं राज्य होतं. परभणीत जिल्ह्याच्या मोठ्या साहेबानं हौसेनं एक बाग उठवली होती. अर्ध्या भागात कुठून कुठून आणलेली झाडं, अर्ध्या भागात जनावरं. मी सोनपेठकडचा, उर्दूत शिकलेला, अक्षर बरं, म्हणून चुलत्यानं खटपट करून मला तिथं चिकटवलं. झाडांच्या आणि पिंजऱ्यांच्या पत्र्याच्या पाट्या रंगवायच्या, वर उर्दू, खाली मराठी, एवढंच काम. पण सगळे मला मुन्शी म्हणत आणि मला ते आवडायचं.

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, कचेऱ्या बंद असत, त्या दिवशी बाग लोकांना खुली. खेड्यापाड्यांतून गाड्या जुंपून लोक यायचे. पोरं माकडांपुढं, बायका मोरापुढं. कडुलिंबाच्या पाटीपुढं तर दर जुम्म्याला कुणीतरी अडायचंच.

"लिंबाला पाटी!" एकदा एक जण बायकोला म्हणाला. "आपल्या बांधावरचा हुबा हाय बिचारा, बिननावाचा."

"तुमालाबी लावा म्हना एक," ती म्हणाली. "म्हंजी लोकाला कळंल तरी, काय हाय ते."

मी पाटी पुसत उभा होतो. मलाही हसू आवरलं नाही. त्या बागेत मी हसायचो, हे आज लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

एकदा हैदराबादेहून कुणी बडे पाहुणे येणार म्हणून बागेत धावपळ उडाली. बागेचा दरोगा कपाळाला हात लावून बसला होता. पाहुण्यांच्या पोरांना अस्वल बघायचं होतं, आणि आमच्याकडं तरस होता, साळिंदर होतं, गोदावरीतली सुसर होती, अस्वल तेवढं नव्हतं. मी पाटी रंगवता रंगवता म्हणालो, "मला एक ठाऊक हाय." मला कुणी विचारलं नव्हतं.

तो दरवेशी माझ्या लहानपणी अस्वल नाचवत आमच्या गावी यायचा. डुगडुगी वाजली की आया पोरं घेऊन धावायच्या. भ्यालेल्या पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की भीती जाते, असं सगळ्यांना वाटायचं. अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधायचे. मलाही बसवलं होतं. अंगाखालची ती खरबरीत, ऊन लागलेली पाठ अजून आठवते.

तो आता चुडाव्याला, स्टेशनाच्या अंगाला झोपडीत राहतो असं ऐकून होतो. मी गेलो. म्हातारा झाला होता, गुडघे धरून उठत होता. बायको कधीच गेलेली, पोरबाळ नाही. दारात अस्वलीण बसली होती. पंजा तोंडात घालून चोखत होती आणि चोखता चोखता भुंग्यासारखी गुणगुणत होती.

"हिच्या आईच्या पाठीवर बसला व्हतास तू," तो म्हणाला. "लय रडला व्हतास. आता मुन्शी झाला म्हन!"

मी येण्याचं कारण सांगितलं. त्यानं मान हलवली.

"बेटी इकायची नसती, मुन्शी."

"इकायची न्हाई, चाचा. पाहुणे जाईपर्यंत ठेवायची. गेले की तुमची तुमाला."

"सरकारी पिंजरा त्यो. कुलूप कुणाच्या हातात?"

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग आमच्याकडं जिवापेक्षा जवळचं. मी सदऱ्याआत उजवा हात घातला, लिंगाला लावला आणि म्हणालो, "ह्याची आन. माघारी देतो."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि उठला. दोघं पायीच परभणीला आली, तो पुढं, ती मागं. पिंजऱ्यात घालताना त्यानं तिच्या नाकातली वेसण स्वतःच्या हातानं काढली. दोरी गुंडाळून खांद्याला अडकवली. "जाताना लागंल," म्हणाला.

पाहुणे आले. ती नाचली. पोरं टाळ्या पिटून थकली. साहेब इतका खूश झाला की अस्वल आता बागेतच राहील असा हुकूम सोडून मोकळा झाला.

मी दरोग्याकडं गेलो. "मी शब्द दिलाय."

"कुनी? तू?" तो खरंच कोड्यात पडल्यासारखा बघत होता. "तू देनारा कोन? पाटी रंगव. 'अस्वल' लिही, साफ अक्षरात."

मी लिहिली. पहिली आण मोडली ती अशी. ती मोडणं माझ्या हातात नव्हतं, असं मी आजही म्हणू शकतो. दुसरीचं तसं म्हणता येत नाही.

दरवेशी चुडाव्याला परत गेलाच नाही. परभणीतच दर्ग्याच्या आवारात पडून राहायचा आणि दर जुम्म्याला गावोगावच्या लोकांबरोबर बागेत यायचा. आपलंच अस्वल बघायला, गजाबाहेरून. पहिल्यांदा डुगडुगी घेऊन आला. आवाज ऐकला की ती मागच्या पायांवर उभी राहून नाचायला लागली. लोक हसायला लागले, चणे फेकायला लागले. त्यानं डुगडुगी झोळीत टाकली आणि पुन्हा कधी आणली नाही. नुसता येऊन बसायचा. भाकरीला गूळ लावून गजांतून द्यायचा. ती त्याच्या तळहातावरचं खायची आणि बसून गुणगुणायची.

मला त्यानं कधी दोष दिला नाही. उलट, "मुन्शी, सायबाला सांगून बघ येकदा," एवढंच म्हणायचा. मी "बघतो, चाचा" म्हणायचो. साहेबाशी बोलायची माझी टाप नव्हती. ते त्यालाही कळत असावं.

तो गेला की ती खाणं सोडायची. आज, उद्या, थेट पुढच्या जुम्म्यापर्यंत. दरोग्यानं त्यातून उलटाच अर्थ काढला. "ह्या बुढ्ढ्यामुळं जनावर बिघडायलंय. फाटकात घेऊ नका." पहारेकऱ्यांना ताकीद मिळाली आणि हे त्याला सांगायचं काम माझ्याकडं आलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग बागेच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या काटेरी झुडपांशी जाऊन बसायला लागला. तिथून पिंजरा दिसत नव्हता. पण वारा तिकडून असला की गुणगुण ऐकू यायची, असं तो सांगायचा. मी माझ्या जेवणातल्या भाकरीला गूळ लावून तिला द्यायला गेलो. तिनं माझा हात हुंगला आणि तोंड फिरवलं.

उन्हाळा लागला. पिंजऱ्यावर पत्रा. एके सकाळी ती आडवी पडलेली दिसली, पंजा तोंडातच.

साहेब दौऱ्यावर होता. तो यायच्या आत उरका, म्हणजे कैफियत द्यायला नको, असं दरोग्याचं म्हणणं. चिकूच्या रोपासाठी खड्डा खणून तयारच होता. तो आणखी खोल केला आणि तिला त्यात घातली, वर चिकू लावला. माळ्यांना आणि मला सांगितलं, तोंडं बंद. मी 'अस्वल' लिहिलेली पाटी उतरवली, तिच्यावर रंग फिरवला आणि चिकूसाठी तीच पाटी वापरली. दुसरा पत्रा नव्हता.

पुढच्या जुम्म्याला तो फाटकाबाहेर उभा होता. मी आत, तो बाहेर.

"आज बेटीचा आवाज न्हाई," तो म्हणाला. "सकाळधरनं बसलोय कुपाटीला. वारा बी हिकडलाच हाय."

मी म्हणालो, "हैदराबादला नेली."

तो नुसता बघत राहिला. त्याचं ते बघणं मला सोसेना, म्हणून मी बोलत सुटलो. तिथली बाग लय मोठी. सावली हाय, पाण्याचं कुंड हाय. इथलं ऊन तिला सोसंना, साहेबानंच पाठवली.

"तितं बघू देतेत?"

"तिथं कुनालाच अडवत न्हाईत."

त्यानं आण मागितली नाही. त्याची नजर फक्त माझ्या गळ्याकडं गेली. आणि माझा हात सदऱ्यात गेला. आपोआप गेला असं लिहिणार होतो, पण हात माझाच होता.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "अच्छा झालं. लय अच्छा झालं, बेटा," म्हणत त्यानं गजांतून माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले.

मला वाटलं होतं, समाधानानं चुडाव्याला जाईल. हैदराबाद म्हणजे आम्हाला दुसरी दुनिया. तिथं हा कशाला जातोय? जन्मभर रस्त्यावर चाललेल्या माणसाबद्दल मी असा हिशेब केला.

चार-आठ दिवसांत तो माझ्या घरी आला. माझी थोरली तेव्हा अंगावर पीत होती आणि सारखी दचकून उठायची. त्यानं बायकोच्या हातात एक पुडी दिली. अस्वलिणीचे केस होते, त्याच्याकडचे होते नव्हते तेवढे सगळे.

"पोरीच्या ताइतात घाल, माय. मला आता काय, तितं रोज नवे मिळतील. आजच्या गाडीनं निघायलोय."

बायको त्याच्या पाया पडली. तो गेल्यावर मी चप्पल न घालताच स्टेशनाकडं पळालो.

खरं सांगायचं असं ठरवूनच पळालो होतो. गाडी उभी होती. तो खिडकीशी बसला होता, खांद्याला ती गुंडाळलेली दोरी. मला बघून त्याला लहान पोरासारखा आनंद झाला. भोवतीच्या लोकांना सांगायला लागला, "बगा, आमचा मुन्शी. सोडाया आला."

मी तोंड उघडलं. त्याआधी त्यानंच विचारलं, "बरं झालं आलास. तितं गेल्यावर कुनाला इचारू?"

खिडकीतले सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी म्हणालो, "परभणीचं अस्वल म्हना. कुनीबी दाखवंल."

"परभणीचं अस्वल," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. गाडी हलली.

पुढं धामधुमीची वर्षं आली. लोक गावं सोडून गेले, मग निजामाचं राज्यच गेलं. साहेब गेला, दरोगा गेला, पिंजरे मोडले. त्या गडबडीत दरवेशाला मनाआड करणं मला सोपं गेलं. ज्याला त्याला आपापल्या जिवाची पडली होती, असं सगळेच म्हणतात. माझ्या जिवाला तर काही झालं नव्हतं.

चिकू मात्र लय आला. पुढं बागेतून सगळ्यांच्या घरी फळं यायची, पोरं आवडीनं खायची. मला चिकू का चालत नाही, हे बायकोनं कितीदा विचारलं. थोरलीचं दचकणं थांबलं ते त्या ताइतानं, असं बायको अजून मानते.

बऱ्याच वर्षांनी कचेरीच्या कामानं हैदराबादला जाणं झालं. काम संपल्यावर त्या मोठ्या बागेत गेलो. खरंच मोठी. सावली होती, पाण्याचं कुंडही होतं. मी जे मनानं रचून सांगितलं होतं ते सगळं तिथं होतं. अस्वलाच्या पिंजऱ्यापाशी एक म्हातारा पहारेकरी बसला होता. मी उगीच इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, पूर्वी कुणी इथं परभणीच्या अस्वलाची चौकशी करत यायचा का.

तो हसला. "परभणी? हौ, आता था ना. उसका नामच परभणी पड गया था."

रोज यायचा, म्हणाला. खांद्यावर दोरी. या अस्वलापुढं बसून बघायचा आणि मान हलवायचा, ही नव्हे. मग विचारायचा, आणखी पिंजरे कुठं हायत? आम्ही सांगून थकलो की परभणीहून कधी काही आलंच नाही. ऐकायचाच नाही.

"बोलता था, मेरा मुन्शी झूट नहीं बोलता. गले के देव को हात लगा को बोला."

"मग?"

"फिर क्या. एक बारिश के बाद दिखा नहीं."

कुठं राहायचा, कुठं गेला, त्याला माहीत नव्हतं. मी बागेभोवती, जवळच्या दर्ग्यांत, सराईत विचारून बघितलं. नाव ठाऊक नाही, गाव सांगावं तर परभणीच. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

मी अजून रोज सकाळी आंघोळ करून लिंग डाव्या तळहातावर घेतो, बेल वाहतो. पूजा चुकवली नाही. घरातले म्हणतात, बाबा लय कडक. हात जोडायच्या आधी मी उजव्या हाताकडं बघत थांबतो, ते त्यांना एकाग्रता वाटते.

त्या म्हाताऱ्याचं माझ्याकडं एका गोष्टीचं येणं आहे: त्याची बेटी हैदराबादला गेलीच नाही, ती परभणीत चिकूच्या खाली आहे, आणि हे मला फाटकाशी उभा असतानाच ठाऊक होतं. ते मी त्याला सांगितलेलं नाही.