भरलेली मोटार

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून मुरुमहून सोलापूरला जाणारी खासगी मोटार कोळशावर धावायची. धावायची कसली, धूर ओकत रखडायची. तिला ठरलेली वेळ नव्हती. भरली की निघायची.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, आतडं अडकलं होतं. वैद्यांनी हात टेकले. आजच्या आज सोलापूरचा मोठा दवाखाना गाठा म्हणाले. बैलगाडीनं स्टेशनवर जाऊन संध्याकाळची आगगाडी धरायची, असं ठरवून आम्ही पहाटेच निघालो. मुरुमच्या मोटारतळावर एजंटानं आम्हाला अडवलं.

"बैलगाडीनं कुठं न्हेता म्हाताऱ्याला? मोटार भरलीय. दोनच जागा हायेत. दुपारच्या आत सोलापूर!"

मोटार खरंच गच्च होती. मी आप्पांना उचलून खिडकीशी बसवलं आणि बैलगाडी परत धाडली.

गाडी दिसेनाशी झाली तसा पुढचा माणूस बिडी ओढायला उतरला. मग त्याच्या मागचा. मग आणखी चौघं. सगळे जाऊन चहाच्या टपरीवर बसले. ती मालकाचीच माणसं होती. उतारू फसावेत म्हणून रोज भरून ठेवलेली! मोटारीत उरलो आम्ही दोघंच.

"कवा निघायची?" आप्पा कण्हत विचारायचे.

"निघलच आता," मी म्हणायचो.

मी एजंटाच्या पाया पडलो. तो म्हणाला, "मोटार काय तुमच्या घरची हाय व्हय?" टपरीवरची माणसं फिदीफिदी हसली. त्यांचं तळपट होवो, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

उन्हं कलली तेव्हा आप्पांनी माझ्या खांद्यावर मान टाकली. ती परत उचलली नाही.

एजंटानं नाकाशी हात धरून पाहिलं. "मढं मोटारीतनं न्हेत न्हाय. जावा, बैलगाडी बघा."

आप्पांना तसंच ठेवून मी गावभर फिरलो. मढं म्हटल्यावर कुणी बैल जुंपेना. शेवटी एकजण कसाबसा तयार झाला.

परत आलो तर मोटार निम्मी भरली होती. आप्पा खिडकीशी ताठ बसवलेले, पटका नीट बांधलेला, तोंडावर उपरण्याचा पदर. शेजारी बोचकं घेऊन एक म्हातारी बसली होती.

"तुमचं हायेत का ह्ये?" तिनं मला विचारलं. "मगापासनं पुसतीया, मोटार कवा निघायची म्हणून. बोलंनातच की वो."