नंबराची जागा

माझ्या वडिलांचे मावसभाऊ आबा यांच्याइतकी फौजेची माहिती असलेला माणूस धुळे-जळगावकडे दुसरा नव्हता, आणि फौजेत एक दिवसही न काढता ती मिळवलेला तर साऱ्या देशात नसेल. विशीत ते भरतीला गेले, छाती दोन बोटं कमी भरली, आणि साहेबाने परत पाठवलं. मग धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर त्यांचा जन्म गेला. पण सैन्यातून सुटून आलेल्याला आपलं डिस्चार्ज बुक कळेनासं झालं, की तो आबांच्या ओसरीवर येई. किती वर्षं नोकरी, सुटका कशामुळे, वर्तणूक कशी, बायकोमुलांची नावं काय, अंगावरच्या खुणा कोणत्या, सगळं त्या छोट्या पुस्तकात असतं आणि सरकारदरबारी पुरावा म्हणून तेच चालतं. आबा ते पत्रिकेसारखं मांडीवर घेत, भिंग लावत आणि निम्मं आयुष्य वाचून दाखवत. "वर्तणूक नुसती चांगली लिहिली आहे," ते एका हवालदाराला म्हणाले, "म्हणजे साहेबाला उलट बोलला असशील." हवालदाराने घाईने पुस्तक परत मागून घेतलं.

एकदा पाहिलेलं पुस्तक ते विसरत नसत. एका लग्नात नवरदेवाच्या वडिलांशी ओळख करून दिली, तर नमस्कार राहिला बाजूला, आबांनी त्यांची डावी भुवई निरखली. "व्रण बरोबर आहे. पुस्तकात आहे तसाच." ते पुस्तक त्यांनी आठ वर्षांपूर्वी पाहिलं होतं. धुळ्यात झेरॉक्स नवं नवं आलं तेव्हा प्रत्येकाला ते दोन प्रती काढायला लावत. पुस्तकावर प्लास्टिक चढवून आणणाऱ्याला मात्र चहा मिळत नसे. "आता पुढची नोंद कपाळावर करायची का?" असं विचारत. या माणसाला दुसऱ्यांच्या कागदांचा एवढा सोस का, याचं मला फार कुतूहल होतं, आणि त्यावरून मी त्यांची थट्टाही करत असे. विचारलं की ते भिंग पुसायला घेत.

एकदा साक्रीकडच्या एका खेड्यातून एक बाई मुलीला घेऊन आल्या. नवरा सात वर्षं शिपाई होता, पेन्शन बसण्याआधीच सुटून आला आणि पुढे वारला. मुलीला नर्सिंगला माजी सैनिकाच्या मुलांसाठी राखलेली जागा मिळत होती, फक्त महिनाभरात दाखला हवा होता. जिल्ह्याच्या सैनिक कचेरीतले म्हणाले, नंबर सांगा, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला लिहितो. आबांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर नंबराच्या जागी कुंकवाचा जाड थर, आणि बाकीची पानं ओल्या हळदीने एकमेकांना चिकटलेली.

"दर दसराले पूजा करस मी," बाई म्हणाल्या. "त्यासना हातनं तेवढंच शे घरमा."

आबांनी भिंग लावलं, पान उन्हात धरलं, तिरकं धरलं. काही दिसेना. मुलगी रडू लागली. मला वाटलं, झालं, गेली जागा. आबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "माय, त्यासनी फौजनी पेटी कोठे शे?"

"घरमाच शे. तिनामा बाजरी भरेल शे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही गेलो. काळी पत्र्याची पेटी कोपऱ्यात भिंतीला लावलेली. शेजारच्या बायकांनी बाजरी उपसली, आम्ही पेटी फिरवली. भिंतीकडच्या बाजूवर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, गाव. आबा ताठ उभे राहिले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले. मी लिहून घेतला. निघताना बाईंना म्हणाले, "पूजा कर, पण कुंकू वरतून लाय. अक्षरले नको." दाखला मुदतीच्या चार दिवस आधी आला.

"पेटीवर नंबर असतो हे कसं सुचलं?" मी परतीच्या वाटेवर विचारलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पुसायला घेतलं.

उत्तर मला आबा गेल्यावर मिळालं. दसऱ्याच्या सकाळी आवराआवरीत त्यांच्या पलंगाखालून एक काळी पेटी निघाली. तिच्यावर पांढऱ्या रंगात आबांचं नाव, खाली गाव, जिल्हा. नावाच्या वर वीतभर जागा कोरी होती.

"भरतीले जायाना पहिलेच लिखी ठेवेल व्हतं," आबांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या. "नंबर भेटना की टाकसू म्हने."

मी आयुष्यभर त्यांची थट्टा केली होती. त्या कोऱ्या जागेकडे मला बघवेना.

दुपारी ती साक्रीकडची मुलगी आली. धुळ्याच्याच एका दवाखान्यात आता नर्स होती, दर दसऱ्याला आबांना सोनं द्यायला यायची. तिने पेटी पाहिली, वरचं नाव वाचलं. काकूंच्या पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि पेटीच्या झाकणावर लावलं. नावाला आणि त्या कोऱ्या जागेला तिने बोट लागू दिलं नाही.