कोपऱ्यातली सही

मी जानेफळ सोडलं त्या सकाळी बाबा स्टँडसमोरच्या खताच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर उभे होते. एसटी लागली, मी खालून हाक मारली, तरी उतरले नाहीत. "रंग वायून जाईन. तू जाय," एवढंच म्हणाले. मला असा राग आला! पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जाणारी गावातली पहिली मुलगी मी, आणि बापाला रंगाची पडलेली.

माझ्या पत्र्याच्या पेटीवर मात्र त्यांनी माझं नाव झोकात काढून दिलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेंटर नामदेव, जानेफळ'. दुकान असो, ट्रॉली असो की शाळेची भिंत, ही सही त्यांनी कधी चुकवली नाही. लहानपणी खडूने माखलेल्या दोरीचं एक टोक मी धरायचे, दुसरं ते. दोरी ताणून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उठायची आणि त्या रेघेवर अक्षरं बसायची. सगळ्यांत खालची छोटी रेघ सहीची. "नाव नसन तं ते काम चोरीचं," असं म्हणायचे.

होस्टेलवर मुली हसल्या. "अगं, तुझे बाबा पेटीवरही जाहिरात करतात?" त्याच आठवड्यात मी ब्लेडने तो कोपरा खरवडून काढला. तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांनीही काही ना काही खरवडलंच असेल, तेव्हा उगाच मला नावं ठेवू नका.

पुढे मी पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागले. 'मले', 'तुले' जिभेवरून कधी गेलं कळलंही नाही. मग गेल्या वर्षी आपल्याच भागातली एक कादंबरी हाती आली. प्रकाशकांना चित्र हवं होतं आणि नाव हाताने काढलेलं. चित्र जमलं, पिवळ्या भिंतीला टेकवलेली शिडी. अक्षरं काही केल्या जमेनात. माझी अक्षरं गुळगुळीत, वर्गातल्या शहाण्या मुलीसारखी. शेवटी बाबांना फोन केला. फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम नव्हतं. त्यांनी नवा ब्रश आणला, सात कागदांवर नाव काढलं आणि सातही पाठवले. सातांच्याही कोपऱ्यात सही.

मी एक कागद स्कॅन केला आणि सही पुसली. प्रकाशकांनी विचारलं, "अक्षरं कुणाची? अफलातून आहेत." मी म्हटलं, "माझीच." असं का म्हटलं ते मला पक्कं ठाऊक आहे. ती शाबासकी मला हवी होती. आतल्या पानावर छापून आलं, मुखपृष्ठ आणि अक्षरलेखन, आणि पुढे माझं एकटीचं नाव.

"तुह्या बाबानं पुस्तकाचं पारसल हाटेलात नेऊन फोडलं वं," आई फोनवर सांगत होती. "समद्यायले आपलं नाव दाखवाले. लोकं कोपराच पाहून राह्यले. मंग एकानं आतलं पान मोठ्यानं वाचलं."

बाबांनी फोन घेतला. "नाव काऊन नाही वं?"

"जागा नव्हती, बाबा. डिझाइन बिघडत होतं."

"बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

दिवाळीला घरी गेले. आमच्या दारावरच्या पाटीवर तिघांची नावं असतात. बाबा दर दिवाळीला ती नव्याने रंगवतात. या वेळी दोनच होती, त्यांचं आणि आईचं.

"बाबा, माझं नाव?"

ते टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते. वर न बघता म्हणाले, "जागा नोती, माय. डिझाइन बिघडत होतं."

जागा होती. आईच्या नावाखाली वीतभर पाटी कोरी होती आणि तिच्यावर खडूची ताजी रेघ तशीच होती. माझ्या नावाची जागा मोजून, आखून रिकामी ठेवलेली.

पुण्यात कुणी घर कुठलं विचारलं की मी अजूनही जानेफळ सांगते, आणि सांगताना ती रेघ डोळ्यांपुढे येते. दोरी एकट्याला मारता येत नाही. दुसरं टोक आईने धरलं असणार.