पदरानं पुसलेला डोस

बाळाबाईचा विश्वास फक्त स्वतःच्या म्हशीवर, आणि तोही धार काढून होईपर्यंतच. उत्तरेश्वर पेठेतून ती रोज म्हैस घेऊन गंगावेशीच्या चौकात उभी राही आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पेल्यात धार काढून देई. न बघता घेतलेल्या दुधात पाणी असतंच, हे तिचं ठाम मत. कारण घरोघरच्या रतिबाच्या दुधात तीच ते ओतत होती!

दवाखान्याचं तर तिला नावच नको. तिचा गुंडू दोन वर्षांचा असताना तापला, डॉक्टरांनी सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा पाय लुळा पडला. तो पोलिओ होता, असं पुढं चार जाणत्यांनी सांगितलं. पण बाळाबाईच्या लेखी पाय सुईनंच नेला. आता त्याच गुंडूचं तीन महिन्यांचं पोर पाळण्यात दोन्ही पाय झाडत होतं.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात लीलाबाई नर्स थर्मास घेऊन दारात आल्या. सुई नाही, नुसते पोलिओचे दोन थेंब, महिन्या-महिन्यानं तीनदा. सुनेनं पोर पुढं केलं.

"फुकट देत्यात म्हंजे कायतरी काळंबेरं हाय," बाळाबाई पुटपुटली. बाईंनी कार्ड लिहायला मान खाली घातली, तेवढ्यात तिनं पदराचं टोक पोराच्या तोंडात फिरवून थेंब पुसून काढले.

महिन्यानं लीलाबाई पुन्हा आल्या.

"माझ्यासमोर उघडा त्यो थर्मास," बाळाबाईनं हुकूम सोडला.

उघडला, तर आत बर्फाचं कोमट पाणी झालेलं. बाळाबाईला आनंदच झाला. चोरी सापडली!

लीलाबाईंनी मात्र थेंबांची बाटली बाजूला ठेवली. "आज देत नाही, मावशी. गार राहिलं नाही की हे औषध वाया जातं. उद्या नवं आणते."

"द्या की तसंच. कुणाला कळतंय?" बाळाबाईनं मुद्दाम खडा टाकला.

"पोराच्या पायाला कळतं."

बाई उन्हातनं तशाच परत गेल्या. बिघडलेला माल आपणहून टाकणारं माणूस बाळाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं स्वतः तरी कधी टाकला होता? तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी थर्मासात बर्फ खुळखुळत होता. पोरानं थेंब चाटले. लीलाबाई कार्डावर 'दुसरा डोस' लिहिणार, तोच बाळाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"ह्यो पयला लिवा. मागचा म्या पदरानं पुसलाय."

सून चमकली. लीलाबाईंनी कार्डावर 'पहिला डोस' लिहिलं. "मग अजून दोन घ्यावे लागतील."

"दोन न्हाय, धा द्या. पर माझ्यासमोर."

गोठ्याशी गुंडू गुडघ्यावर हात दाबत म्हशीला वैरण टाकत होता. तो थांबला. "आई, माझ्या येळंला हे थेंब मिळालं असतं, तर?"

बाळाबाईनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

"तर तेबी म्या पुसलं असतं, लेकरा."